मुलगा बोलत नाही, दोष गोळ्यांचा का?

ताई, मी सत्तावीस वर्षांची आहे. पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात तपासणीत एचआयव्ही निघाला. यांचाही निघाला. तेव्हापासून एचआयव्हीची रोज एक गोळी, टीएलडी, एकीत तीन औषधं असलेली. मुलगा आता सव्वादोन वर्षांचा आहे. अठराव्या महिन्यातली त्याची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. पेढे वाटता आले नाहीत, पण नारळ फोडला.

पण तो बोलत नाही. आई, मम्मं, भू, ना, दे असे सात-आठ शब्द. जावेचा मुलगा याच्याहून दोन महिन्यांनी लहान, तो वाक्यं बोलतो. चालायला हा वेळेत लागला, खातो-पितो. मी घरी ब्लाउज शिवते, तेव्हा तो मोबाइल बघत बसतो.

आता मला पुन्हा दिवस गेलेत, अकरावा आठवडा. ओळखीच्या एका बाईने सांगितलं, की या गोळ्या पोटातल्या बाळाच्या मेंदूवर जातात. मोबाइलवरही वाचलं, की यातल्या डोल्युटेग्राव्हिरने बाळाच्या मणक्यात दोष येतो. नऊ दिवस झाले, मी गोळी घेतलेली नाही. यांना माहीत नाही. सासूबाईंना तर आमचं दोघांचंही काहीच माहीत नाही, त्या म्हणतात जिभेला मध लावा. एका पोराचं मी वाटोळं केलं, दुसऱ्याचं होऊ नये एवढंच वाटतं.
एक आई, सांगली जिल्हा

*

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात विचारण्यासारखं बरंच आहे, पण मी ‘नऊ दिवस’ या दोन शब्दांपाशीच अडकले. पत्र हाती आलं त्याच दिवशी तुम्हाला निरोप धाडला आहे. तोच इथे पुन्हा लिहिते, कारण दिवस गेले म्हणून घाबरून गोळी बंद करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

गोळी आज रात्रीच सुरू करा. एकच. राहिलेल्या नऊ भरून काढायला दोन-दोन घेऊ नका, त्याचा उपयोग नाही. उद्या सकाळी औषधाच्या नोंदींचं हिरवं पुस्तक घेऊन एआरटी सेंटर, म्हणजे या गोळ्या देणारं केंद्र, गाठा आणि काउन्सेलरला खरं तेच सांगा. ‘गावाला गेले होते, गोळ्या संपल्या’ असली कारणं त्यांनी हजार वेळा ऐकलेली असतात. तुम्ही ‘भीतीने बंद केली’ म्हणालात, तर त्यांना पुढचं ठरवायला सोपं जाईल. गोळी थांबली की रक्तात दबून बसलेला विषाणू साधारण दोन ते चार आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतो. तुम्ही त्या उंबरठ्याच्या अलीकडे आहात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे, तो केव्हा तपासायचा ते डॉक्टर ठरवतील. बत्तिसाव्या आठवड्यानंतरचा व्हायरल लोड तर चुकवायचाच नाही, कारण जन्मल्यावर बाळाला एक औषध द्यायचं की दोन, आणि किती दिवस, हे त्यावर ठरतं.

आता एक बारीक गोष्ट, जी घाईच्या ओपीडीत सांगायची राहून जाते. गरोदरपणात तुम्हाला लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम मिळेल. उपाशीपोटी त्या टीएलडीबरोबर घेतल्या, तर लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतात आणि औषध रक्तात कमी जातं. म्हणजे गोळी रोज गिळूनही अर्धीमुर्धी वाया. यावर दोन तोडगे आहेत. एकतर भरल्या ताटावर, जेवताजेवता, सोबत घ्या. नाहीतर टीएलडी लोहाच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आम्लपित्ताच्या पातळ औषधांना मात्र जेवणाचा तोडगा चालत नाही, तिथे दोन तास आधी किंवा सहा तास नंतर हाच नियम. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईने यासाठी शिवणाच्या डब्यातल्या दोन रिकाम्या रिळांचा उपयोग केला होता: सकाळी लोह घेतलं की लाल रीळ उपडं, रात्री टीएलडी घेतली की पांढरं. घरात कोणाला काही कळलं नाही. तुमच्याकडे रिळं असणारच.

आता मणक्याचं. तुम्ही वाचलंत ते कोणी मनाने रचलेलं नाही, पण ती गोष्टीची अर्धी बाजू आहे. आफ्रिकेतल्या बोत्स्वानात सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांची नोंद ठेवणारा त्सेपामो नावाचा अभ्यास आहे. २०१८ मध्ये त्यात दिसलं, की दिवस राहण्याच्या वेळी डोल्युटेग्राव्हिर चालू असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांना मेंदू-मणक्याच्या नळीचा दोष होता. शंभरात जवळजवळ एक. जगभर धावपळ झाली, बऱ्याच देशांनी तरुण बायकांना हे औषध देताना हात आखडता घेतला. बोत्स्वानातल्या लोकांनी मात्र मोजणं थांबवलं नाही. आकडा वाढत गेला तसं प्रमाण उतरत गेलं, आणि २०२२ पर्यंत नऊ हजारांवर बाळंतपणांनंतर ते हजारात साधारण एक इतकं खाली आलं. एचआयव्हीची दुसरी औषधं घेणाऱ्या आयांच्या बाळांइतकंच. सुरुवातीचे चार हा लहान आकड्यातला योगायोग होता. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१९ मध्येच गरोदर बायकांसह सगळ्यांसाठी हेच औषध पहिल्या पसंतीचं ठरवलं. मोबाइलवर २०१८ ची बातमी अजून फिरते. २०२२ ची कोणी पुढे पाठवत नाही, कारण तिच्यात घाबरण्यासारखं काही नाही.

शिवाय तारखेचा हिशेब बघा. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्यानंतर फार तर दोन आठवड्यांत. तुमचा अकरावा आठवडा आहे. ज्या दोषाच्या भीतीने तुम्ही गोळी थांबवलीत, त्याची वेळ गोळी थांबवण्याआधीच होऊन गेली होती.

त्या बाईंच्या ‘मेंदूवर जातात’ला थोडं लांबून उत्तर द्यायला हवं, कारण हा प्रश्न खोटा नाही. संशोधक तो पंचवीस वर्षं विचारताहेत. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीत दिसलं, की झिडोव्ह्युडीन हे एकच औषध आईला आणि बाळाला दिलं, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात पंचवीसवरून आठवर येतं. त्या काळात मी नुकतीच बालरोग विभागात लागले होते. आमच्याकडे तेव्हा बाळांना द्यायला यातलं काही नव्हतं. औषधाविना लागण झालेल्या मुलांपैकी निम्मी दोन वर्षांची होण्याआधी जातात हे पुस्तकात लिहिलेलं असतं. वॉर्डात ते कसं दिसतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्यातली काही बाळं बसायला लागून पुन्हा पडायला लागायची. बोलायला लागून पुन्हा गप्प व्हायची. मेंदूवर जातो तो विषाणू.

औषधांबद्दलची पहिली मोठी शंका १९९९ साली फ्रान्समधून आली. गरोदरपणात झिडोव्ह्युडीन, काहींना सोबत लॅमिव्ह्युडीन मिळालेल्या आणि लागण न झालेल्या आठ मुलांच्या पेशींत मायटोकॉन्ड्रियाचा बिघाड दिसला. पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग तो. दोन मुलं दगावली. अमेरिकेने लगोलग आपल्याकडच्या हजारो मुलांच्या नोंदी चाळल्या, तसा मृत्यू सापडला नाही. फ्रान्सच्याच पुढच्या नोंदींत असा बिघाड हजारात दोन-तीन मुलांत दिसला. म्हणजे धोका शून्य म्हणता येणार नाही, पण तो किती लहान आणि समोरचा किती मोठा, हे तुम्हीच ताजव्यात घालून बघा. शिवाय झिडोव्ह्युडीन तुमच्या गोळीत नाही.

त्यानंतर मुलांना वर्षानुवर्षं मागोवा घेत तपासणं सुरू झालं. अमेरिकेत २००७ पासून ‘स्मार्ट’ नावाचा अभ्यास हेच करतोय: आईला एचआयव्ही, मुलाला नाही, गर्भात औषध मिळालेलं, मग चालणं, बोलणं, शाळा कशी? बहुतेक औषधांच्या बाबतीत काळजीचं काही निघालं नाही. काही ठिकाणी मात्र खूण दिसली, त्यातल्या दोन सांगते. ॲटाझानाविर मिळालेली मुलं बोलायला थोडी उशिरा लागली. इफाव्हिरेन्झ मिळालेल्यांत मज्जासंस्थेच्या तक्रारी थोड्या जास्त आढळल्या. तुमच्या टीएलडीत ही दोन्ही नाहीत. इफाव्हिरेन्झ आपल्याकडे आधीच्या टीएलई गोळीत होतं आणि त्या गोळीवर जन्मलेली असंख्य मुलं आज शाळेत धिंगाणा घालताहेत, हेही सांगते, नाहीतर हे वाचणारी दुसरी कोणी आई रात्रभर जागायची. डोल्युटेग्राव्हिर नवं आहे. त्याच्यावर वाढलेली सगळ्यात मोठी मुलंही अजून शाळकरी वयातच आहेत, त्यामुळे त्यांची तरुणपणापर्यंतची नोंद व्हायची आहे. पण गरोदरपणात हे औषध आणि इफाव्हिरेन्झ समोरासमोर ठेवून भारतासह नऊ देशांत चाचणी झाली. तिचे निकाल २०२१ मध्ये आले, आणि बाळ-बाळंतिणीच्या दृष्टीने डोल्युटेग्राव्हिर मागे पडलं नाही, उलट विषाणू दाबण्यात सरस ठरलं.

मग लागण न झालेली ही मुलं इतर मुलांच्या बरोबरीने असतात का? जगात अशी दीड कोटीहून जास्त मुलं आहेत आणि त्यांच्याबद्दलचं उत्तर एकसारखं नाही. बोत्स्वानात दोन वर्षांच्या मुलांना तपासलं, तर ती इतरांच्या बरोबरीने निघाली. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या ड्राकेनस्टाइनमध्ये याच वयाची मुलं भाषेत थोडी मागे दिसली. मागे म्हणजे मंद नव्हे. फरक थोडा, आणि त्याचं कारण एकट्या औषधावर ढकलता येत नाही. आईचं आजारपण, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, पहिल्या वर्षातली न्यूमोनिया-जुलाबाची दुखणी, घरातली ओढाताण, आईची खचलेली मन:स्थिती, हे सगळं त्याच मुलांच्या वाट्याला जास्त येतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते झिंबाब्वेच्या खेड्यांत. तिथे अशा घरांत बाळाच्या वरच्या आहाराकडे आणि स्वच्छ पाणी-संडास-हात धुण्याकडे एकत्र लक्ष दिलं, तर दोन वर्षांच्या वयात ती मुलं विकासाच्या चाचणीत पुढे गेली. औषध तेच, विषाणूची सावली तीच, आणि तरी फरक पडला.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: तुमच्या मुलाला बोलायला उशीर झाला तो त्या गोळीने, असं म्हणायला आधार नाही. त्याला विषाणूपासून वाचवलं ते मात्र त्याच गोळीने. ‘वाटोळं’ हा शब्द पुन्हा लिहू नका.

पण ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून मी तुम्हाला परत पाठवणार नाही. दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासेक शब्द असावेत आणि ‘आई दे’, ‘बाबा गेला’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू झालेली असावी. सव्वादोनला सात-आठ शब्द कमीच. त्याची आई एचआयव्हीची गोळी घेत असो वा नसो, या मुलाला तपासायलाच हवं.

तो माझ्यासमोर असता, तर मी त्याला खुर्चीवर नव्हे, जमिनीवर बसवलं असतं. स्टीलची वाटी, चमचा, एक चेंडू. चेंडू पदराखाली लपवून ‘चेंडू कुठाय?’ असं नुसतं तोंडाने विचारलं असतं, हात न दाखवता. तो पदर ओढतो का? वाटी तुमच्या हातात दे म्हटलं तर देतो का, की तुम्ही हात पुढे केल्यावरच देतो? खिडकीबाहेर कुत्रं दिसलं की बोट दाखवून मागे वळून तुमच्याकडे बघतो का, ‘बघितलंस का’ अशा नजरेने? आणि मग त्याच्या पाठीमागे जाऊन, कुजबुजल्यासारखं, त्याचं नाव. हे सगळं तुम्ही आज संध्याकाळी घरी करून बघू शकता. तो सगळं समजतो, बोट दाखवतो, फक्त बोलत नाही, तर माझी काळजी निम्मी होईल. बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, तर थांबायचं नाही.

काहीही असो, कान आधी. एचआयव्ही असलेल्या आयांच्या या मुलांना पहिल्या वर्षात सर्दी-खोकला-कानाची दुखणी जास्त होतात आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं, की मूल बहिरं नसतं पण त्याला सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. तुमच्या मुलाचा कान कधी वाहिला होता का, ते आठवून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. जिल्हा रुग्णालयात ‘डीईआयसी’ म्हणून विचारा, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तिथे बालरोगतज्ज्ञ, कान तपासणारे, वाचा-उपचार करणारे एका छताखाली असायला हवेत. सगळीकडे सगळी पदं भरलेली असतात असं नाही, तरी केस पेपर तिथेच काढा, पुढे पाठवायचं झालं तर ते पाठवतील. हे सगळं मोफत आहे. शाळा-अंगणवाड्यांत तपासायला येणारं पथक आणि तुमच्या अंगणवाडीताईही तिथे नाव पाठवू शकतात.

तिथल्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगा, त्यांना त्याचा उपयोग आहे. अंगणवाडीत सांगायची गरज नाही, शाळेतही नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती दुसऱ्याला सांगायला, काही मोजके अपवाद सोडले तर, त्याने मनाई आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण एका रुग्णालयात बाळंतिणीच्या खाटेला लाल चिठ्ठी लावलेली मी स्वतः काढून फाडली आहे. सगळ्या नातेवाइकांनी ती तोवर वाचलेली होती. सेंटरबाहेर कोणाशी बोलावंसं वाटलं, तर १०९७ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात.

आता मोबाइल. तुम्ही शिवता तेव्हा तो दुसरं काय करणार, हे मला कळतं. ब्लाउज वेळेवर गेला नाही तर पैसे थांबतात. पण मोबाइल बोलतो आणि उत्तराची वाट बघत नाही. मूल बोलायला शिकतं ते समोरचा त्याच्यासाठी थांबतो म्हणून. मशीन चालू असतानाही बोलता येतं: ‘लाल दोरा. लाल दोरा गेला. दे, लाल दे.’ चिंध्यांची पिशवी त्याच्यासमोर ओता, बटणं मात्र उचलून ठेवा, तोंडात जातात. त्याने ‘भू’ म्हटलं, की तुम्ही ‘भू आला, काळा भू आला’ म्हणा. ‘नीट म्हण, कुत्रा म्हण’ असं नाही. एकच शब्द वाढवायचा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड असतं, आजी लोकांना तर जमतच नाही.

पत्रात तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट मला तिथे दिसली. चुकत असेन तर सोडून द्या. ज्या घरात एवढं मोठं काही लपवून ठेवायचं असतं, तिथे माणसं हळूहळू जपून बोलायला लागतात. आणि मग कमी बोलायला लागतात. तुमच्या दोघांचं बोलणं कुजबुजीत, सासूबाई आल्या की बंद. तुम्हाला रात्री झोप लागते का? पहिल्या खेपेपासून जेवणाची चव गेलेली आहे का? खचलेली आई मुलाशी कमी बोलते हे कित्येक अभ्यासांत दिसलं आहे. तो त्या आईचा दोष नसतो, तो आजार असतो आणि त्याला उपचार आहे, गरोदरपणातसुद्धा. उद्या काउन्सेलरला गोळीचं सांगाल तेव्हा हेही सांगा. तुमच्या यजमानांना नऊ दिवसांचं सांगाच. तेही तीच गोळी घेतात, त्यांच्याइतकं तुम्हाला दुसरं कोणी समजून घेणार नाही. सासूबाईंना सांगायचं की नाही, केव्हा, हे तुमचं तुम्ही ठरवा. त्याची घाई कोणीच करू नये, मी तर नाहीच.

त्यांच्या मधाबद्दल मात्र बोलायला हवं. सव्वादोन वर्षांच्या नातवाला बोटभर मध चाटवला, तर काही बिघडत नाही, जीभही सुटत नाही. पण येणाऱ्या बाळाच्या तोंडात जन्मल्या-जन्मल्या मध, घुट्टी, साखरपाणी काही जाऊ देऊ नका. एक वर्षापर्यंत मध कोणत्याच बाळाला नको. आणि तुमच्या बाळाला पहिले सहा महिने नुसतं अंगावरचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध, बस. अंगावरचं आणि वरचं यांची सरमिसळ या बाळांना जास्त धोक्याची. सासूबाईंना कारण सांगायचं असेल, तर ‘डॉक्टरीणबाईंनी पेपरात लिहिलंय’ म्हणा. माझ्यावर बिल फाडा, मला सवय आहे.

बाळ जन्मलं, की पहिल्यासारखंच: सहा आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कार्डावर, मग सहा, बारा, अठरा महिने. हा रस्ता तुम्ही एकदा चालून आला आहात आणि शेवटी नारळ फोडला आहे.

जाता जाता एक काम. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या जागेत मुलाचे शब्द लिहायला घ्या, तारखेसकट. तुम्ही पाच लिहिलेत, बाकीचे दोन-तीन आठवून घाला. ‘भू’ धरायचा. ‘म्याऊ’, ‘पीं पीं’सुद्धा धरायचे, तो ते ठरावीक गोष्टीसाठीच वापरत असेल तर. डीईआयसीत जाल तेव्हा तो कागद फाडून सोबत न्या, माझ्या पाच प्रश्नांपेक्षा त्यावरून त्यांना जास्त कळेल. आणि कानाचा रिपोर्ट आला, की मला एक ओळ लिहा.